एका अक्षराचा मुद्राराक्षस

एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगा नऊ वर्षांचा, पोट वरचेवर दुखतं. शौचाच्या नमुन्यावरून जठरातला जंतू काही तासांत ओळखता येतो आणि त्याच्यावर कुठलं औषध चालणार नाही तेही कळतं, असं त्यांनी वाचलंय. करून घ्यावी का ही तपासणी? सांगतो, पण आधी पर्थला जाऊन येऊ. ‘काही तासांत’ या शब्दांचं मोल तिथे कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत मळसूत्रासारखे जंतू दिसत होते. जठरातल्या आम्लात जंतू टिकतोच कसा, म्हणून कुणी मनावर घेईना. १९८१ मध्ये तरुण बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. तिसाहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांतून जंतू वाढवायचा प्रयत्न झाला, पण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी कचऱ्यात जायची. १९८२ च्या ईस्टरला जोडून सुट्या आल्या, बशा तशाच राहिल्या आणि परतून बघतात तो जंतूंच्या वसाहती! पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू चक्क पिऊन स्वतःला जठरदाह करून घेतला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं, पण किस्सा मार्शल यांचाच सांगितला जातो. मला विचाराल तर दोन वर्षं एकट्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले वॉरन अधिक थोर.

हा हेलिकोबॅक्टर पायलोरी आजही तितकाच सुस्त आहे. तो वाढवून त्याच्यावर औषधं लावून बघायची, तर आठवडा-दोन आठवडे सहज जातात. आईंनी वाचलेल्या तपासणीतला पीसीआर त्याला वाढवण्याच्या भानगडीत पडतच नाही, थेट त्याची जनुकं वाचतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात अडकून बसतं. त्या यंत्राच्या एका भागाचा मजकूर सुमारे २,९०० अक्षरांचा. त्यात २१४३ व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ पडला की औषधाला बसायला जागाच उरत नाही. ‘दिन’चा ‘दीन’ व्हावा तसा हा मुद्राराक्षस (विशाखदत्ताची क्षमा मागून). चूक कोणत्या ओळीत असते हे ठाऊक असलेला मुद्रितशोधक पुस्तक वाचत बसत नाही, नेमकं तेच पान उघडतो.

मुलांच्या बाबतीत हे फार मोलाचं, कारण त्यांच्यासाठी औषधंच मोजकी. टेट्रासायक्लिन लहान वयात दातांवर कायमचे डाग पाडतं, म्हणून ते सहसा बाद. उरलेल्यांतून चुकीचं निवडलं तर चौदा दिवसांचा कोर्स वाया जातो आणि पुन्हा पोटात दुर्बीण घालायची वेळ येऊ शकते. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते.

पण हा मुद्रितशोधक फक्त माहितीतल्याच चुका पकडतो. मेट्रोनिडाझोल या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत जंतूचं एक जनुक कुठेही फाटलं तरी औषध निकामी होऊ शकतं. पान नेमकं कुठे फाटलंय, ते आधी कसं सांगणार? शिवाय शौचाच्या नमुन्यात पीसीआरची प्रक्रिया अडवणारे पदार्थ असतात. आणि मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पीसीआरला जंतूच वाटतो, त्यामुळे उपचार संपल्या संपल्या ‘जंतू गेला का’ हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. तपासणीच्या जाहिरातीत यातलं काही नसतं.

आता त्या आईंचा प्रश्न. अल्सरची शंका यावी असं काही नसताना मुलाचं पोट नुसतंच दुखत असेल, तर या जंतूसाठी तपासणी करू नका, असं युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांचं मार्गदर्शन सांगतं. जंतू असलेल्या बहुतेक मुलांना त्याचा काही त्रास नसतो. तो सापडला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. डॉक्टरांना अल्सरची शंका आलीच, तर दुर्बिणीच्या त्याच बैठकीत घेतलेल्या तुकड्यावर पीसीआर करून मागा. तिथे तो खरा कामाचा.

आणि एक काम घरीच करण्यासारखं आहे. सर्दी-खोकल्याला मिळालेलं ‘तीन दिवसांचं’ अॅझिथ्रोमायसिन हे क्लॅरिथ्रोमायसिनचंच भावंड. एकाला दाद न देणारा जंतू बहुधा दुसऱ्यालाही देत नाही. तेव्हा जुन्या चिठ्ठ्या काढा, ते औषध मुलाला आजवर किती वेळा दिलं गेलं ते मोजा आणि तो आकडा डॉक्टरांकडे घेऊन जा.