पाणी कुणाचं? ड्यूटी-डेल्टाच्या पलीकडचं गणित

इरिगेशनच्या पेपरला ड्यूटी-डेल्टाचं गणित हमखास येतं. बेस पिरियडला 8.64 नं गुणा, ड्यूटीनं भागा, डेल्टा तयार! एक क्युमेक पाण्यात किती हेक्टर भिजणार ते कळतं. पण ते हेक्टर कुणाचे? सूत्र गप्प!

मी हट्ट्याचा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. सिद्धेश्वर धरणातून निघणारा पूर्णा कालवा आमच्या तालुक्याला पाणी देतो. कुठल्याही कालव्यावर भांडण एकच : वरच्या अंगाला ऊस, शेपटाला नुसती वाट बघणं. ज्याला जमीनच नाही, तो तर हिशोबातच नाही. पाऊस लहरी झाला की बागायतदार बोअर खोल नेतो, मजूर गाव सोडतो. हवा बिघडवण्यात ज्याचा हात सगळ्यात कमी, त्यालाच जास्त सोसावं लागतं. 'हवामान-न्याय' हा जड शब्द याच अन्यायाबद्दल बोलतो.

यावर गावपातळीवर उत्तर शोधणाऱ्यांत आपल्याच जातकुळीचे लोक होते. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनीअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. तिथून 'पाणी पंचायत' उभी राहिली. नियम साधे होते. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. म्हणजे पाच माणसांच्या घरी वीस एकर रान असलं तरी पाणी अडीच एकरांपुरतंच! भूमिहीनालाही वाटा, तो दुसऱ्याचं रान बटईनं करून ते पाणी वापरू शकतो. आणि ऊस? बंद!

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी ते अडवलं. गावकऱ्यांनी स्वतःच मर्यादित वाळू विकून त्या पैशाची मदत घेत 'बळीराजा धरण' बांधलं. भारत पाटणकर चळवळीत होते, तांत्रिक बाजूला के. आर. दाते हे इंजिनीअर. इथंही समान पाणीवाटप, भूमिहीनांसकट.

मग हे सगळीकडं का झालं नाही? कारण ज्याच्याकडं आज जास्त पाणी आहे, त्याला थोडं सोडावं लागतं. 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घ्यायचा हक्क दिला खरा, पण तोही लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन पुन्हा बाहेरच!

उद्या आपल्यापैकीच कुणीतरी पाटबंधारे खात्यात बसेल, कालव्याचं डिझाइन करेल. तेव्हा तक्त्यात हेक्टरच्या शेजारी 'माणसं किती' असा एक रकाना जरूर आखा. ड्यूटी काढणं सोपं आहे हो, वाटणी ठरवायला मात्र गावात जाऊन बसावं लागतं.