वर झालाय

बसा पोरांनो, कंदिलाची वात जरा वर करा अन् शेंगांची ती पाटी इकडं सरकवा. गोष्ट नाईल नदीची आहे, पण ती सुरू करायची आपल्या प्रवरेपासून. श्रावणात नेवाशाच्या अंगाला कधी नदीकाठी उभे राहिला असाल तर ठाऊकच असेल, डोक्यावर लख्ख ऊन, बाजरीनं माना टाकलेल्या, वाटेवर फुफाटा, अन् नदी मात्र गढूळ पाण्यानं दोन्ही थड्या भरून चाललेली. लहानपणी मी आजीला विचारलं, की पाऊस नाही तर हे पाणी आलं कुठून, तर ती गोवऱ्या थापता थापता मान वर न करता म्हणाली, "वर झालाय." वर म्हणजे अकोले तालुक्यात, रतनगड-घाटघरच्या डोंगरात. तिथं पाऊस नुसता कोसळत असतो, अन् त्याच जिल्ह्यात खाली आपण ढगाकडं बघत बसतो.

आता हेच कोडं मिसर देशात केवढं मोठं झालं ते ऐका. तिथं लक्सरच्या बाजूला वर्षच्या वर्ष पावसाचा थेंब पडत नाही, आणि तरी ऐन उन्हाळ्याच्या भरात, आजूबाजूची वाळू भाजत असताना, नाईल चढायला लागायची अन् शेतंच्या शेतं पाण्याखाली घ्यायची. हेरोडोटस नावाचा ग्रीक माणूस अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं गेला अन् भेटेल त्याला विचारत फिरला, की हे कसं काय, पण धड कुणाला सांगता येईना. पूर कधी येणार हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. आपण मृग लागला की तिफणी बाहेर काढतो ना, तसे ते व्याधाच्या ताऱ्याची वाट पाहायचे. मृगाच्या मागं जो झगझगीत तारा आहे तोच हा व्याध, सुमारे सत्तर दिवस दडी मारून एका पहाटे सूर्याच्या जरा आधी उगवतो. तो दिसला की म्हणायचे, आलं पाणी.

आम्ही दोघं गेलो ते दिवाळी उरकल्यावर, थंडीत. लक्सरला बोटीत बसायचं, एस्ना, एडफू, कोम ओम्बो करत चार दिवसांनी अस्वानला उतरायचं. एस्नाला तर बोट एका मोठ्या हौदात घेतात, मागचं दार लावून पाणी भरतात, आणि अख्खी बोट माणसांसकट वर उचलली जाते. आम्ही जात होतो दक्षिणेला, तर माझ्या मनात आलं की आपण खाली चाललो, पण नदी वाहते उत्तरेला, म्हणजे आम्ही चढावर होतो. निसर्गाचं देणं असं की तिथला वारा बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो, म्हणजे प्रवाहाच्या उलटा. वर जायचं तर शीड सोडा, वारा नेतो. खाली यायचं तर शीड गुंडाळा, पाणी आणतं. जाणं-येणं दोन्ही फुकटात! म्हणून त्यांच्या जुन्या चित्रलिपीत दक्षिणेच्या प्रवासाला शीड उभारलेली होडी काढायचे अन् उत्तरेच्या प्रवासाला शीड उतरवलेली.

काठानं पाहावं तर ऊस, केळी, गाढवाच्या पाठीवर हिरव्या चाऱ्याचे भारे. एका थांब्यावर एक म्हातारा असाच भारा घेऊन चालला होता, तर आमच्या हिनं दोन काड्या ओढून पाहिल्या अन् मोठ्यानं म्हणाली, "अहो, हा तर बरसीम!" म्हातारा थबकला, खुदकन हसला, म्हणाला, "बरसीम, बरसीम." विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो चारा त्यांच्याकडूनच आपल्या देशात आला, अन् येताना नावही घेऊन आला. मग त्या दोघांचं एकाच शब्दावर किती वेळ बोलणं चाललं होतं म्हणून सांगू.

मी तेवढ्यात बांधावरून रानात उतरलो अन् ढेकूळ उचललं. काळंभोर. बोटांत दाबलं तर चिकणमातीसारखं वळलं, नखात बसलं ते संध्याकाळपर्यंत निघेना, अन् पाणी न मिळालेल्या कोपऱ्यात हात जाईल एवढ्या भेगा. आपल्या रानातलीच माती ही! आपण शेतजमिनीला काळी म्हणतो, गावठाणाला पांढरी; ते लोक आपल्या अख्ख्या देशालाच काळी म्हणायचे, केमेट, अन् पलीकडच्या वाळवंटाला तांबडी.

अन् ती काळी काही तिथली नव्हेच. ती आणि पुराचं बरंचसं पाणी यायचं इथिओपियाच्या डोंगरातून, म्हणजे हबशांच्या मुलखातून, जिथून मलिक अंबर गुलाम म्हणून विकत विकत आपल्याकडं पोचला अन् पुढं नगरची निजामशाही पेलून धरली. तिथल्या ताना सरोवरातून निळी नाईल निघते. ते डोंगर कसले? सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्या काळ्या दगडाचे. आपला सह्याद्रीही तसाच घडला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दगड एका जातीचा, म्हणून त्याची झीज होऊन झालेली मातीही एका जातीची.

पाऊसही नात्यातलाच. जून ते सप्टेंबर, आपला तोच त्यांचा. 1876 ते 1878 ला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, माणसं देशोधडीला लागली, अन् त्यातल्याच 1877 साली नाईलचा पूरही फार खाली राहिला. लांब प्रशांत महासागराचं पाणी तापलं की दोन्हीकडचा पाऊस बरेचदा रुसतो, हे पुढं उमगलं. आपल्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधायला बसले तेव्हा त्यांनी नाईलच्या पुराचे आकडेही हिशेबात घेतले होते.

ते आकडे होते कारण माणसं पाणी मोजत होती. अस्वानला एलेफंटाइन बेटावर दगडी पायऱ्या नदीत उतरतात, भिंतीवर खुणा केलेल्या, माप हाताचं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. पाणी किती हात चढलं त्यावर पीक किती येणार, सारा किती घ्यायचा, ते ठरायचं. पाणी कमी हातावर अडलं तर उपासमार, पुरेसं चढलं तर आनंदीआनंद. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. भिजलेल्या दगडाचा वास अगदी आपल्या घाटावरचा.

आता त्या खुणांपाशी पूर येत नाही. 1902 ला इंग्रजांनी तिथं पहिलं धरण बांधलं, 1926 ला आपल्या प्रवरेवर भंडारदरा झालं, अन् 1970 ला अस्वानचं उंच धरण पुरं झालं. वीज आली, बारमाही पाणी आलं, हे खरंच मोठं काम, त्याला नावं ठेवू नये. पण काळा गाळ धरणाच्या पोटात बसतो, अन् ज्या रानाला हजारो वर्षं नदी आपण होऊन खत घालत होती तिथं आता गोण्या ओताव्या लागतात. आपण उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॅक्टरनं रानात ओढतो, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

तुम्ही जाल तेव्हा देवळं बघाच, पण एकदा बोटीतून उतरून रानातलं ढेकूळ हातात घ्या. अन् जाणं नाही झालं तर येत्या श्रावणात, आभाळ कोरडं असताना, प्रवरेच्या पुलावर उभे राहा. त्याच दिवसांत हबशांच्या डोंगरातून निळी नाईल गढूळ होऊन खाली निघालेली असते.