करवीरची दाटी आणि ऑप्टिमायझरचा हिशेब

मेनफ्रेमवरील रिलेशनल डेटाबेस मंदावला आणि त्याची कारणे शोधत गेले, की बहुतेक वेळा असे आढळते की, स्वतःजवळच्या माहितीचे खरे स्वरूप त्या डेटाबेसला ठाऊकच नसते. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचे अखंड व्यवहार एकाच वेळी पेलणारा मोठा संगणक; त्यावरील सर्वपरिचित रिलेशनल डेटाबेस म्हणजे आयबीएमचा डीबी२. यंत्र अमेरिकेत किंवा युरोपात असले, तरी त्यावर लक्ष ठेवणारी माणसे पुण्यात आणि आता घरून काम करण्याच्या सोयीमुळे कोल्हापुरातही असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बँकेची रात्रीची बॅच, म्हणजे दिवसभराचे व्यवहार एकगठ्ठा हिशेबात घेणारी कामांची मालिका, तिथे रात्री दहाला सुरू झाली तर हिवाळ्यात कोल्हापुरात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. त्यामुळे ज्या कामासाठी पूर्वी रात्रपाळी करावी लागे, ते इथे भरदिवसा होते.

रिलेशनल डेटाबेसचे मूळ १९७० मधील एडगर कॉड यांच्या निबंधात आहे. माहिती ओळी आणि स्तंभ असलेल्या टेबलांत ठेवावी, वापरणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे आणि ते कोणत्या वाटेने आणायचे हे यंत्राने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. ही वाट ठरवणाऱ्या घटकाला ऑप्टिमायझर म्हणतात. प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च आधीच मोजून स्वस्तातली वाट निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली, आणि १९८३ मध्ये डीबी२ जाहीर झाला.

मुख्य वाटा दोन. एक, टेबलाची सर्व पाने ओळीने वाचून काढणे; दुसरी, इंडेक्सचा, म्हणजे कोणते मूल्य कोणत्या पानावर आहे हे सांगणाऱ्या सूचीचा, आधार घेऊन नेमक्या पानावर जाणे. पान म्हणजे डिस्कवरून एका वेळी उचलला जाणारा, बहुधा चार किलोबाइटचा तुकडा. ओळीने वाचन चालू असताना डीबी२ एकेका पानासाठी थांबत नाही, तर बत्तीस किंवा त्याहून अधिक पाने आगाऊ मागवून बफर पूल या स्मृतीतील राखीव जागेत आणून ठेवतो. म्हणून हव्या असलेल्या ओळी थोड्या असतील तर इंडेक्स स्वस्त पडतो, आणि त्या टेबलभर विखुरलेल्या व पुष्कळ असतील तर सरसकट वाचन स्वस्त पडते. साहजिकच सारा निर्णय किती ओळी निघतील या अंदाजावर येऊन ठेपतो.

हा अंदाज कसा चुकतो, हे कोल्हापूर जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जिल्ह्याच्या प्रत्येक रहिवाशाची एक ओळ असलेले टेबल आहे असे धरले, तर २०११ च्या जनगणनेनुसार त्यात ३८,७६,००१ ओळी असतील. टेबलाची आकडेवारी गोळाच केलेली नसेल, तर ‘तालुका अमुक’ या अटीला डीबी२ ठरावीक १/२५ हा वाटा देतो आणि दीड लाखाच्या आसपास ओळींची अपेक्षा धरतो. तालुके बारा आहेत एवढेच त्याला कळले, तर तो प्रत्येकाला समान वाटा देऊन सव्वातीन लाखांवर येतो. प्रत्यक्षात कोल्हापूर शहर पोटात घेणाऱ्या करवीर तालुक्यात दहा लाखांवर लोक आहेत आणि गगनबावड्यात पस्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका ठिकाणी अंदाज तिपटीने तोकडा पडतो, तर दुसरीकडे नऊपटीने फुगतो. आडनावाच्या स्तंभात पाटील शोधणाऱ्याला याच दोषाचा आणखी ठळक प्रत्यय येईल.

दोन अटी एकत्र आल्या की चूक अधिक छुपी होते. ‘तालुका करवीर आणि गाव कोल्हापूर’ असे विचारल्यास ऑप्टिमायझर या अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानून त्यांच्या वाट्यांचा गुणाकार करतो आणि दीड लाखाहून कमी ओळी निघतील असे ठरवतो. शहरातील प्रत्येक माणूस करवीर तालुक्यातलाच, तेव्हा खरे उत्तर शहराची ५,४९,२३६ ही पूर्ण लोकसंख्या असते.

या दोन्ही दोषांवर उपाय आहे तो रनस्टॅट्स या उपयुक्तता-कार्यक्रमाचा. त्याला नुसते टेबल मोजायला न सांगता, कोणती मूल्ये किती वेळा येतात आणि कोणते स्तंभ जोडीने पाहायचे, हेही सांगावे लागते. तरीही एक अडचण उरते. बँकांचे कोबोल प्रोग्रॅम बहुधा आधीच बाइंड केलेले, म्हणजे वाट ठरवून गोठवलेले असतात, आणि त्यांत तालुक्याच्या जागी प्रत्यक्ष नाव नसून चालू वेळी भरले जाणारे चल असते. बाइंड करताना करवीर येणार की गगनबावडा, हे ऑप्टिमायझरला कळत नसल्याने तो पुन्हा सरासरीवर जातो आणि कष्टाने गोळा केलेली वारंवारता पडून राहते. दर वेळी नव्याने वाट ठरवण्याची मुभा देता येते, पण दिवसात लाखो वेळा चालणाऱ्या छोट्या चौकशीला तो खर्च परवडत नाही.

अभियंत्याचा दिवस म्हणूनच एक्सप्लेनची फलिते वाचण्यात जातो. एक्सप्लेन निवडलेली वाट प्लॅन टेबलमध्ये उतरवून देते; तिथे ‘आर’ दिसला तर सरसकट वाचन, ‘आय’ दिसला तर इंडेक्स. नवखा माणूस ‘आय’ पाहून निश्चिंत होतो. जाणता शेजारचा मॅचकॉल्स स्तंभही पाहतो, कारण तिथे शून्य असेल तर इंडेक्स वापरला गेला खरा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला गेला. नवा इंडेक्स टाकून मोकळे होण्याची घाई या क्षेत्रात फार आहे आणि ती बहुधा महागात पडते, कारण टेबलात ओळ घालताना किंवा काढताना त्या टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्सची दुरुस्तीही करावी लागते. मेनफ्रेमवर हा खर्च थेट बिलात उतरतो: अनेक करारांत सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क त्या महिन्यातील सर्वाधिक भाराच्या सलग चार तासांच्या सरासरीवर ठरते.

आकडेवारी ताजी असावी हा सर्वसाधारण नियम. पण ती कोणत्या दिवशी घेतली यावर तिचा खरेपणा अवलंबून असतो. साखर कारखान्याला मेनफ्रेम लागत नाही, तरी त्याच्या ऊसनोंदीत ही अडचण चांगली दिसते. चालू हंगामाचे टेबल गाळप सुरू होण्याआधी रिकामे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असल्याने हंगाम भरात आला की त्याच टेबलावर रोज हिशेब चालतात. आकडेवारी सप्टेंबरमध्ये घेतली असेल, तर ऑप्टिमायझर जानेवारीतही टेबल रिकामेच समजतो आणि सरसकट वाचत सुटतो. बँकेच्या रात्रीच्या बॅचमध्ये दर संध्याकाळी भरणारी आणि पहाटे रिती होणारी टेबले याच जातीची असतात. अशा टेबलाची आकडेवारी ते भरलेले असताना घेऊन तशीच राखून ठेवतात. किंवा टेबल ‘व्होलटाइल’ म्हणून घोषित करतात, म्हणजे ओळींची नोंदलेली संख्या काहीही असो, शक्य तिथे डीबी२ इंडेक्सलाच पसंती देतो. त्यानंतर त्या टेबलाशी संबंधित प्रोग्रॅम पुन्हा बाइंड करताना वाटेची जुनी प्रत जपून ठेवली जाते, जेणेकरून नवी वाट महाग ठरल्यास एका आज्ञेने मागे फिरता यावे.