स्वप्नात रडू का येते?



मागच्या महिन्यात शनिवारच्या वर्गात आम्ही 'मला पडलेले स्वप्न' हा निबंधाचा विषय दिला होता. राक्षस, उडणारी गाडी, परीक्षेला झालेला उशीर असे बरेच काही आले. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या : "आजी सांगलीच्या घरी मटार सोलत होती. मी शेजारी बसले होते. काहीच झाले नाही. पण उठले तेव्हा उशी ओली होती." खाली एक प्रश्न होता : "आजीला काही होणार आहे का?"

तो प्रश्न वाचून आम्ही शिक्षिकाही गप्प झालो. पहाटेचे स्वप्न खरे होते, हे ऐकतच आपण मोठे झालो. असे स्वप्न पडले की घाईघाईने गावी फोन लावतो. म्हणून या अंकात स्वप्नांविषयी थोडी माहिती देत आहोत.

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोपेत ठरावीक वेळी आपले डोळे बंद पापण्यांआड भराभर हलू लागतात. त्या वेळी माणसाला जागे केले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही झोप साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरत जाते तशी लांबत जाते. त्यामुळे पहाटेची स्वप्ने सर्वांत मोठी असतात, आणि लगेच जाग आल्याने ती लक्षातही राहतात. पहाटेच्या स्वप्नाचा एवढा दबदबा का, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. त्याचा भविष्याशी संबंध नाही.

आता रडू का येते ते पाहू. या झोपेत मेंदूतील भावनांचा भाग जोरात काम करत असतो. 'असे कसे होईल?' असा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र बराचसा शांत असतो. त्यामुळे चित्र साधेच दिसते, मटार सोलणारी आजी, पण त्यामागची माया आणि दुरावा अडवायला कोणी नसते. दिवसा शाळा, शिकवणी, खेळ यांत जे मनाच्या तळाशी राहते, ते रात्री वर येते. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण हेच सांगते.

असे स्वप्न वाईटच असते असेही नाही. शिकागोच्याच मानसशास्त्रज्ञ रोझालिंड कार्टराइट यांनी घटस्फोटाच्या दुःखातून जाणाऱ्या लोकांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. ज्यांच्या स्वप्नात तो दुरावलेला जोडीदार येत होता, ती माणसे पुढे अधिक चांगली सावरल्याचे त्यांना दिसले.

पालकहो, मूल रडत उठले तर "स्वप्नच होते, झोप आता" एवढ्यावर सोडू नका. स्वप्न खोटे असले तरी रडू खरे असते. काय दिसले ते विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. तीच तीच भीतिदायक स्वप्ने पडून झोप मोडत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा.

त्या मुलीला आम्ही विचारले, "उठल्यावर कसे वाटले?" ती म्हणाली, "सॅड." मग आम्ही फळ्यावर चार शब्द लिहिले : हुरहूर, रुखरुख, गलबलणे, उमाळा. प्रत्येकाचा अर्थ सांगितला. तिने थोडा विचार करून 'हुरहूर'वर बोट ठेवले.

ओमान आणि भारत यांच्या घड्याळांत दीड तासाचे अंतर आहे. आपण पहाटे साडेपाचला डोळे पुसत उठतो, तेव्हा आजीकडे सात वाजलेले असतात, तिचा चहाही झालेला असतो. फोन जरूर करा. तिला काही झाले का हे विचारायला नको. तुझी आठवण आली, एवढेच सांगायला करा.

गृहपाठ : वरच्या चार शब्दांपैकी एक घेऊन आजी-आजोबांना पाच ओळींचे पत्र लिहा.