मुलाची पाठवणी

‘पाठवणी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती सासरी निघालेली लेक. पण अमेरिकेच्या यूटा संस्थानात, जेथे छळाला विटलेले मॉर्मन लोक 1847 साली ब्रिगम यंगच्या मागोमाग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले, तेथे घराघरांतून पाठवणी होते ती मुख्यतः मुलाची. नुकती मिसरूड फुटलेला हा मुलगा शिक्षण बाजूस ठेवून धर्मप्रसारासाठी दोन वर्षे परमुलखी जातो. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. पूर्वी मुलाला 19 आणि मुलीला 21 वर्षे पुरी व्हावी लागत. 2012 साली ही अट 18 आणि 19 वर आणली गेली, आणि मन घट्ट करण्यासाठी आईला मिळणारा अवधी तेवढा घटला.

कोठे जावयाचे, हे मुलाने ठरवावयाचे नसते. अर्ज सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य दप्तरात जातो आणि नेमणुकीचा हुकूम तेथून सुटतो. पूर्वी हा हुकूम जाडजूड पांढऱ्या पाकिटातून टपालाने येई, आणि तो खलिता फोडणे हा घरातला एक लहानसा समारंभच असे: आजी-आजोबा, मावश्या, चुलतभावंडे जमलेली, भिंतीवर नकाशा, ज्याचा त्याचा निरनिराळ्या देशावर अंदाज. 2018 पासून पाकिटाची जागा संगणकाने घेतली, तरी मंडळी जमतातच. ब्राझील किंवा जपान निघाले की जल्लोष होतो. शेजारचे आयडाहो निघाले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी क्षणभर कोणी बोलत नाही, असे मला तरी वाटते. आणि हे सारे पदरचे पैसे मोडून! अमेरिकेतून जाणाऱ्याच्या घरून किंवा त्याच्याच शिलकीतून 2020 पासून दरमहा 500 डॉलर भरावयाचे असतात, मग तो टोकियोत राहो की टेक्ससमध्ये.

निघण्याच्या सुमारास विभागाचा धर्माधिकारी मुलाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला या कार्यासाठी विधिपूर्वक नेमतो. घरचे सभोवती बसलेले असतात. त्या घटकेपासून तो ‘एल्डर’, म्हणजे शब्दशः वडीलधारा! काल ज्याला अंथरुणातून ओढून उठवावे लागे, त्याच्या छातीवर काळी नामपट्टी येते. एकट्याने कोठे जावयाचे नाही, सदैव सोबत्यासह वावरावयाचे, हा शिरस्ता लागू होतो. आपल्या मुंजीत मातृभोजनाच्या पानावर आई आणि बटू शेवटचे एकत्र जेवतात, त्या विधीमागचे शहाणपण मला येथे दिसते: खरी ताटातूट दारात होण्यापूर्वी ती एकदा घरातच, मंत्रपूर्वक, उरकून घेतलेली बरी.

प्रोव्हो शहरातील प्रशिक्षण केंद्रात पूर्वी सारे कुटुंब आत जाऊन बसे; काही वेळाने निरोपाची सूचना होई, आणि मग एका दाराने घरचे बाहेर पडत, दुसऱ्या दाराने मुलगा आत जाई. ही दोन दारांची योजना ज्याने केली त्याला मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक असावा. पुढे तीही बंद होऊन निरोप रस्त्याच्या कडेला आला: मोटार थांबते, आधीपासून दाखल झालेला एखादा तरुण पुढे होऊन सामान उचलतो, मिठ्या मारल्या जातात, संपले. मला हे आधी कठोर वाटले. आता वाटते, दुःखाला बसावयास खुर्ची दिली की ते लवकर उठत नाही, हे त्या संस्थेने ओळखले असावे. त्यानंतरचे मौन मात्र दीर्घ होते. आठवड्याला पत्र, दूरध्वनी केवळ नाताळात आणि मातृदिनी. 2019 च्या फेब्रुवारीत दर आठवड्यास घरी बोलण्याची मुभा मिळाली.

या मौनाचा वारसा जुना आहे. 1839 च्या सप्टेंबरात, मिसिसिपीच्या काठी हिवतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळलेली असताना, यंग आणि त्याचा सहकारी हीबर किंबल इंग्लंडला निघाले. यंगचे मूल अवघे दहा दिवसांचे होते, दोघांच्या बायका आजारी, आणि स्वतः त्यांनाही धड उभे राहवत नव्हते. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबलला घर असे सोडवेना. त्याने गाडी थांबविली, दोघे कसेबसे उठून उभे राहिले आणि टोप्या उंचावून त्यांनी जयघोष केला. तो ऐकून त्या दोघी दारात आल्या. पुढे 1852 साली अशाच कामगिरीवर ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईस उतरला आणि तेथून पुण्यास गेला. पण छावणीतील गोऱ्या शिपायांपलीकडे त्याचा शब्द फारसा पोहोचला नाही.

2020 साली सॉल्ट लेक सिटीचे नवे विमानतळ उघडले, तेव्हा परतणाऱ्या प्रचारकांच्या स्वागतास लोटणाऱ्या गोतावळ्याचा विचार करून तेथे एक प्रशस्त दालनच ठेवले गेले; कारण जुन्या इमारतीत फलक आणि फुगे घेतलेल्या नातलगांनी वाट अडून जाई. प्रोव्होच्या रस्त्याकडेला मात्र मोटार थांबते ती काही मिनिटेच, कारण तिच्यामागे दुसऱ्या घराची मोटार येऊन उभी असते.