जुन्या जीपला परदेशी गिअरबॉक्स हवाच का?

बीड शहरात रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर माणसांचा आणि मालाचा सगळा भार रस्त्यावर होता, आणि डांबर संपलं की पुढचं काम जीपचं. त्यामुळे विलीजच्या परवान्यावर बनलेल्या जुन्या महिंद्रा जीप इथे जीव लावून सांभाळल्या जातात. अशा जीपच्या मालकाला कधी ना कधी एक मोह पडतो: तीन गिअरचा बॉक्स उतरवायचा आणि एखाद्या जपानी गाडीचा पाच गिअरचा चढवायचा. हा मोह आवरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशातून मागवायचेच असतील तर जुन्याच बॉक्सच्या पोटातले भाग मागवावेत.

जुन्या जीपचा टी-९० बॉक्स साधा आहे, कमकुवत नाही. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८, ट्रान्स्फर केसच्या लो गिअरचं २.४६, मागच्या क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार केला तर चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे ३७ फेरे होतात. काळ्या रानातल्या चिखलातून भरलेली जीप निघते ती या हिशेबावर. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही, म्हणून चालत्या गाडीत तो टाकायला डबल क्लच मारावा लागतो, पण हा दोष सवयीने जिरतो. खरा धोका वेगळाच. धारूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकं इंजिनाला ढकलू लागतात आणि दातांवरचा दाब उलट बाजूला जातो. दात झिजलेले असतील, शाफ्टच्या टोकाचे वॉशर पातळ झाले असतील, तर गिअर सुटून न्यूट्रलला येतो. मग भरवसा उरतो तो फक्त ड्रम ब्रेकचा. या दुखण्यावरचं औषध नवे वॉशर, नव्या पितळी रिंगा, नवी बेअरिंगं हेच आहे. अमेरिकेत जुन्या विलीज राखणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हे भाग तिथे अजून बनतात. बेअरिंग तर कडेवर कोरलेला नंबर पाहून इथेही मिळू शकतं.

आता अख्खा बॉक्स बदलण्याचं पाहू. पुढे तो इंजिनाला अडॅप्टर प्लेटने जोडायचा आणि मागे त्याला ट्रान्स्फर केस बसवायची. प्लेटची भोकं केसभर सरकली तरी इनपुट शाफ्ट मधोमध बसत नाही. बेअरिंग गुणगुणायला लागतं आणि काही दिवसांत बसतं. शिवाय पाच गिअरचा बॉक्स लांब असतो. सीजे-३बी जीपच्या दोन्ही ॲक्सलमधलं अंतर जेमतेम ८० इंच. बॉक्स लांबला की मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर तुटतात. उद्या त्या बॉक्सचा एखादा भाग गेला, तर केज किंवा पाटोद्याच्या मिस्त्रीने तो आणायचा कुठून?

आक्षेप असा, की आता सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला, तिथे तीन गिअरवर जीप किंचाळते. खरं आहे. २८ इंची टायरवर ताशी ८० किलोमीटर गाठायला इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या वर जातं. पण त्यावर जुना उपाय आहे: ट्रान्स्फर केसच्या मागे, पीटीओच्या जागी बसणारं ओव्हरड्राइव्ह. फेरे सुमारे २० टक्के कमी होतात आणि मूळ बॉक्सला हात लागत नाही. ते स्वस्त नाही, त्यावर कस्टम ड्यूटीही पडते. पण उद्या काढून ठेवता येतं. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला ताशी १०० ला पळवण्याची सोय करून देणं मला तरी पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महिंद्राने स्वतःच १९७९ मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे गिअरबॉक्सही बदलले. मग मालकाने का बदलू नये? कारण कारखाना इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांचा मेळ घालतो आणि गाडी तपासून घेतो. गल्लीतल्या लेथवर तशी चाचणी होत नाही. कायद्याचा कलही तिकडेच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ रचनेला छेद देणाऱ्या बदलांना मनाई केली. अपघातानंतर विमा कंपनीने हाच मुद्दा काढला, तर मालकाकडे उत्तर नसतं.

बॉक्स उघडून परदेशी रिंगा बसवल्यावर तेलाकडे मात्र दुर्लक्ष नको. डब्यावरचा नुसता ९० आकडा पाहून भागत नाही. जीएल-५ दर्जाच्या तेलातली गंधकयुक्त रसायनं पितळाला खाऊ शकतात. म्हणून या बॉक्समध्ये जीएल-४ मागून घ्यावं, आणि पहिलं तेल लवकर काढून त्यात पितळेचा चुरा येतो का ते उजेडात धरून पाहावं.