जुनी प्लगिने आणि लिनक्सचा संगणक

जबलपूरच्या उच्च न्यायालयाचे नागपूरशी असलेले नाते मराठी श्रोत्यांस मुद्दाम सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्यप्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरास आले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच येथील पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळच्या दप्तराचे एक सुख असे होते की, ते वाचावयास वाचणाऱ्याखेरीज दुसरे काही लागत नसे. भोसल्यांच्या अमलातील मोडी कागद आज कोणी उलगडला, तर मोडी जाणणारा एक मनुष्य गाठला की काम भागते. तो न मिळाल्यास कोणाही हुशार विद्यार्थ्यास काही महिन्यांत मोडी शिकविता येते. कागदाच्या जनकाची परवानगी त्यासाठी लागत नाही.

संगणकातील दप्तराची गोष्ट निराळी आहे. आज देशातील जिल्हा न्यायालयांत, अर्थात् मध्यप्रदेशातही, जे संगणक चालतात त्यांपैकी पुष्कळांवर ‘उबुंटू’ नावाची लिनक्स प्रणाली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ती न्यायालयांच्या गरजेप्रमाणे बेतून दिली आणि न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना तिचे शिक्षणही दिले. लिनक्स ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगभरच्या लोकांनी तो वाढविला. उबुंटू २००४ साली आली. २०११ पर्यंत तिची तबकडी मागणी करणाऱ्यास टपालाने फुकट येत असे, आणि भारतातील कितीतरी विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख त्या पाकिटातूनच झाली. अशा मोकळ्या प्रणालीवर काम करणाऱ्या माणसाला जी एक विचित्र अडचण वर्षानुवर्षे भोगावी लागली, तिचे नाव ‘प्लगिन’.

प्लगिन म्हणजे काय, हे समजण्यास घरातील विजेचे सॉकेट डोळ्यांसमोर आणावे. भिंतीतील सॉकेटला पंखा ठाऊक नसतो, इस्त्रीही ठाऊक नसते. ठराविक मापाची पिन असलेली कोणतीही वस्तू त्यात बसते. ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेटची पाने पाहतो ती, आरंभी केवळ अक्षरे आणि चित्रे दाखवू शके. हलते चित्र, आवाज, खेळ यांची भाषा तिला समजत नसे. १९९५ च्या सुमारास नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत असे एक सॉकेट बसविले. मग ज्याला जे दाखवावयाचे असेल त्याने आपापला जोडपुर्जा करावा आणि वाचकाने तो आपल्या संगणकात बसवावा, अशी वहिवाट पडली. रिअलप्लेअर, क्विकटाइम, जावा, सिल्व्हरलाइट ही सर्व मंडळी याच वाटेने आत शिरली. त्या सर्वांत थोर ठरला तो ‘फ्लॅश’. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने तो जन्मास आला, पुढे मॅक्रोमीडिया कंपनीने तो घेतला, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबी या कंपनीत विलीन झाली. इंटरनेटवरील चलच्चित्रे एका तपाहून अधिक काळ बहुतांशी फ्लॅशच्याच आधाराने हलली.

येथे लिनक्स वापरणाऱ्याची पंचाईत सुरू होते. लिनक्सचा आतला मजकूर सर्वांना खुला, तर फ्लॅशचा मजकूर कंपनीच्या पेटीत बंद. शिवाय ध्वनि-चित्रांच्या अनेक स्वरूपांवर पेटंटचे हक्क होते. एमपी३ या सर्वपरिचित स्वरूपाचे परवाने देण्याचे काम त्याच्या धन्याने २०१७ मध्ये थांबविले, तोपर्यंत तेही या अडचणीत मोडे. यास्तव हे जोडपुर्जे उबुंटूच्या तबकडीवर घालून दिले जात नसत. प्रणाली बसविल्यावर ‘निर्बंधित अतिरिक्त सामग्री’ अशा अर्थाच्या नावाचे एक गाठोडे इंटरनेटवरून वेगळे मागवावे लागे. कार्यालयात नवा संगणक येतो, लिपिक उत्साहाने एखादे प्रशिक्षणाचे चित्र उघडतो, आणि चित्राच्या जागी राखी चौकोन दिसतो. त्या चौकोनावर ‘प्लगिन आढळले नाही’ एवढेच लिहिलेले असते. सरकारी संकेतस्थळांवर त्याचे उत्तरही असे. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साहाय्याच्या पानावर कोणत्या नस्तीला कोणते प्लगिन लागते याचा तक्ता द्यावयाचा असे, आणि त्या तक्त्यात फ्लॅशचे नाव हटकून दिसे. सूचना चांगलीच होती. परंतु तक्ता ज्या दुव्याकडे बोट दाखवी, तेथे मिळणारी वस्तू बहुधा विंडोजवाल्यांच्या सोयीची असे.

बसविण्याची क्रिया स्वतः अवघड नव्हती. अडोबीकडून एक बांधलेले गाठोडे मिळे. ते सोडले की आत ‘लिबफ्लॅशप्लेअर.एसओ’ नावाची एकच महत्त्वाची नस्ती निघे. ती संगणकावरील सर्वांसाठी बसवावयाची झाल्यास प्रणालीच्या ‘मोझिला’ या फोल्डरातील ‘प्लगिन्स’ या कप्प्यात ठेवावी, आणि आपल्यापुरतीच हवी असल्यास आपल्या घरच्या फोल्डरात दडलेल्या तशाच कप्प्यात ठेवावी. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा आणि पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्लगिन्स’ असे लिहून पाहावे. यादीत नाव दिसले की काम फत्ते. जावाच्या बाबतीत एक गोम होती. तिची नस्ती उचलून त्या कप्प्यात ठेवली तर ती चालत नसे, कारण तिला आपल्या मूळ जागेभोवतालचा संसार लागे. तेव्हा नस्ती जागीच राहू देऊन कप्प्यात तिच्याकडे नेणारी खूण, म्हणजे ‘सिम्बॉलिक लिंक’, ठेवावी लागे. ज्यांनी नक्कल केली ते दिवसभर डोके धरून बसले.

दुसरा अडथळा यंत्राच्या मापाचा होता. संगणक ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हा प्रश्न फ्लॅशपाशी येऊन अडे. ६४ बिटांच्या लिनक्ससाठी चांगले फ्लॅश कितीतरी उशिरा, २०११ च्या अकराव्या आवृत्तीबरोबर, आले. तोवर ‘एनएसप्लगिनरॅपर’ नावाचा एक दुभाषा मध्ये बसवून ३२ बिटांचा पुर्जा ६४ बिटांच्या खिडकीत चालविण्याची कसरत करीत. दुभाषा मधूनच मूर्च्छित पडे. २०१२ मध्ये अडोबीने जाहीर केले की फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांसाठी लिनक्सवर ११.२ ही शेवटची आवृत्ती. पुढे पाच वर्षे केवळ सुरक्षेची डागडुजी होईल. २०१६ च्या अखेरीस कंपनीने हा निश्चय फिरवून लिनक्सला पुन्हा नव्या आवृत्त्या दिल्या. पण तोवर घरघर लागलेली होती.

घरघर लागण्याचे कारण कंपनीची लहर एवढेच समजणे अन्यायाचे होईल. सॉकेटात बसलेला पुर्जा ब्राउझरच्या हुकमतीत नसतो. संगणकावर आपल्याला जे अधिकार असतात ते सर्व त्यालाही मिळतात. फ्लॅशमध्ये एखादे छिद्र राहिले, तर नुसते एक पान उघडण्याने परका मनुष्य आपल्या संगणकात शिरू शके, आणि अशी छिद्रे शेकड्यांनी सापडली. जुलै २०१५ मध्ये हेरगिरीची साधने विकणाऱ्या एका इटालियन कंपनीची कागदपत्रे बाहेर फुटली. त्यांत फ्लॅशची तोवर कोणास ठाऊक नसलेली छिद्रे होती, आणि फायरफॉक्सने काही काळ फ्लॅशला दारातच अडविले. दरम्यान ब्राउझर स्वतःच हलती चित्रे दाखविण्यास शिकले. ‘एचटीएमएल ५’ हे नवे प्रमाण २०१४ मध्ये मान्य झाले आणि २०१५ च्या आरंभी यूट्यूबने त्याचा अंगीकार केला. सॉकेटाची गरज संपली. क्रोमने २०१५ मध्ये ते सर्वत्र काढले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज इतरांना बंदी केली, आणि जानेवारी २०२१ च्या ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशचेही सॉकेट बुजविले. अडोबीने तत्पूर्वीच ३१ डिसेंबर २०२० ही शेवटची तारीख ठरविली होती. इतकेच करून कंपनी थांबली नाही. शेवटच्या काही आवृत्त्यांत तिने असे घड्याळ बसविले होते की १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशने कोणतीही नस्ती उघडण्यास आपण होऊन नकार द्यावा. चीनमधील दालियन येथील एका रेल्वे कार्यालयाची गाड्यांचे आराखडे पाहण्याची व्यवस्था त्या दिवशी बंद पडली आणि तेथील लोकांना जुनी आवृत्ती शोधून बसवावी लागली. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याने तर आपली विवरणपत्रे भरता यावीत म्हणून फ्लॅश चालविणारा स्वतःचा ब्राउझरच लोकांच्या हाती दिला. तीन वर्षे आधी सूचना मिळूनही खाती जागी होत नाहीत, हा अनुभव कोण्या एका देशाचा नाही.

आपल्याकडे अशीच ओढाताण जावावरून झाली. शासकीय निविदा ऑनलाइन भरताना ठेकेदारास आपली डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, आणि पूर्वी ती ब्राउझरातील जावाच्या पुर्ज्यामार्फत होत असे. ब्राउझरांनी सॉकेट काढल्यावर निविदेपुरता एक जुना ब्राउझर जपून ठेवण्याचा प्रघात पडला. जबलपूरसारख्या तोफांच्या व वाहनांच्या सरकारी कारखान्यांच्या गावात निविदा भरणाऱ्यांची संख्या थोडी नाही. शेवटची तारीख उद्यावर आलेली, आणि ब्राउझर रात्रीतून आपण होऊन नव्या आवृत्तीवर गेलेला, अशा वेळी होणारे नुकसान केवळ तांत्रिक राहत नाही. पुढे यावर उपाय निघाला तो असा की, स्वाक्षरीचे काम ब्राउझरबाहेरच्या एका छोट्या स्वतंत्र कार्यक्रमाकडे द्यावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळाने हाच मार्ग धरला.

हे सर्व खरे. पण जुनी चित्रे कोठे गेली? नेपियर टाउनमध्ये राहणारे विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक कल्पनेत आणावेत. प्रकाशाचे अपवर्तन, हृदयाचे ठोके, ग्रहणे असे साठ-सत्तर मराठी धडे त्यांनी फ्लॅशमध्ये रचलेले आहेत. नातवाने घरच्या संगणकावर लिनक्स बसविले, आणि धडे उघडेनासे झाले. अशा घरात पहिली सूचना बहुधा ही मिळते की कोठूनतरी जुने फ्लॅश उतरवून घ्यावे. ही सूचना घातक होय. अडोबीने आपल्या स्थळावरून ते काढून टाकले आहे. परक्या स्थळांवर ‘फ्लॅश’ म्हणून मिळणारी वस्तू कित्येकदा चोराने सजविलेली पेटी असते, कारण फ्लॅशच्या खोट्या नावाने विषारी कार्यक्रम पसरविण्याची युक्ती जुनी आहे. आणि त्याच संगणकावर आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे बँकखाते उघडले जाते.

पहिला प्रयोग ‘रफल’चा करावा. फ्लॅशची भाषा नव्याने शिकून घेतलेला हा एक खुला कार्यक्रम आहे. त्याला सॉकेट लागत नाही. तो ब्राउझरने आखून दिलेल्या कुंपणात राहून काम करतो आणि लिनक्सवर स्वतंत्रपणेही चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संग्रहाने जुन्या फ्लॅश चित्रांसाठी त्याचाच आधार घेतला. साधे हलते धडे त्यात बहुधा जसेच्या तसे चालतात. फ्लॅशच्या तिसऱ्या पिढीच्या आज्ञावलीत लिहिलेले गुंतागुंतीचे प्रयोग मात्र अधूनमधून अडखळतात. मराठीच्या दृष्टीने एक समाधानाची गोष्ट अशी की, धड्यात ज्या अक्षरांचे आकार चित्रांप्रमाणे भरलेले असतात, ती अक्षरे फाँट नसतानाही शुद्ध उमटतात. त्या काळी फ्लॅशला देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळविता येत नसत, म्हणून केलेली ती तडजोड आज उपकारक ठरली. मात्र तो मजकूर शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही.

रफलने हात टेकले तरच जुन्या प्लगिनाकडे वळावे, आणि तेही कोंडून. लिनक्सवर ‘आभासी यंत्र’ उभारता येते. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक असल्यासारखे ते वागते. त्यात जुनी उबुंटू बसवावी. उबुंटूच्या कालबाह्य आवृत्त्या तिच्या संग्रहस्थळावर अजून ठेवलेल्या आहेत. त्यावर २०२० पूर्वीचा फायरफॉक्स आणि घड्याळ बसविण्याआधीचे फ्लॅश, तेही पूर्वी कोणी स्वतः अडोबीकडून उतरवून जपलेले असल्यासच, घालावे. फायरफॉक्सची आपोआप अद्ययावत होण्याची सोय प्रथम बंद करावी, नाहीतर तो सुधारून मोकळा होतो आणि सॉकेट नाहीसे होते. नंतर त्या यंत्राचा इंटरनेटशी संबंध तोडावा. धडे आत न्यावेत, पाहावेत, आणि पडद्यावर जे चालते त्याचे चित्रीकरण साध्या व्हिडिओत करून बाहेर आणावे. विद्यार्थ्याने घुंडी फिरवून किरण वळविण्याची गंमत व्हिडिओत उरत नाही, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यासाठी धडा पुन्हा रचावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ योजनेतील फ्लॅश व जावामधले कितीतरी प्रयोग असेच नव्याने लिहावे लागले, आणि त्या कामास माणसे, पैसा व वर्षे लागली.

शिक्षकांच्या घरी यांपैकी काहीच नसते. तेथे मूळ नस्त्या दोन ठिकाणी सांभाळून ठेवाव्यात, त्या कोणत्या साली व फ्लॅशच्या कोणत्या आवृत्तीत रचल्या हे एका कागदावर लिहून ठेवावे, आणि दर पावसाळ्याच्या सुटीत नातवाने रफलची नवी आवृत्ती घेऊन अडलेले धडे एकदा उघडून पाहावेत. गेल्या वर्षी न उघडलेला धडा या वर्षी उघडतो, असे पुष्कळदा घडते.